एका नावाची अनेक यंत्रे

दोन माणसांचे नाव एक असले म्हणून ती माणसे एक ठरत नाहीत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र सर्वसाधारण समजूत नेमकी उलट असते. एकाच कारखान्याची, एकाच नावाची आणि एकाच रंगाची दोन यंत्रे म्हणजे एका साच्यातून पडलेली दोन नाणी, असे गृहीत धरूनच बाजारात व्यवहार चालतो. शिवणयंत्र किंवा पंखा घेणाऱ्याला ही समजूत सहसा फसवीत नाही. आत एखादा स्क्रू बदलला असला, तरी कापड शिवले जातेच आणि वाराही लागतोच. पण विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात घराघरांत शिरलेल्या छोट्या संगणकांनी या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. तो धक्का ही यंत्रे विकली जात होती तेव्हा फारसा जाणवला नाही. ती जुनी झाली, आणि त्यांच्यावर निर्माण झालेले संगीत, चित्रे व खेळ जपून ठेवावे असे लोकांना वाटू लागले, तेव्हा तो खरा जाणवू लागला.

समजा, जुन्या संगणकांच्या एखाद्या संग्राहकाच्या मेजावर ‘कमोडोर ६४’ या नावाचे दोन संगणक शेजारी शेजारी मांडले आहेत. दोन्ही चालू स्थितीत आहेत. दोन्हींना एकाच प्रकारचा दूरचित्रवाणी संच जोडला आहे. रॉब हबर्ड या ब्रिटिश संगीतकाराने १९८७ साली ‘स्केट ऑर डाय’ या खेळासाठी केलेली रचना दोन्हींवर लावली. एका यंत्रातून विजेच्या गिटारचा दणदणीत, खरखरीत आवाज येतो. दुसऱ्यातून बाकीचे सूर स्वच्छ येतात. गिटार मात्र भिंतीपलीकडच्या घरात कोणी वाजवीत असावे, अशी जेमतेम ऐकू येते. ऐकणारा साहजिकच म्हणेल की दुसरे यंत्र बिघडले आहे. वस्तुतः ते बिघडलेले नाही. इतकेच नव्हे, तर कारखान्याच्या दृष्टीने तेच दोहोंतले सुधारलेले यंत्र आहे!

हे असे का व्हावे, ते समजण्यासाठी या यंत्राची थोडी कुळकथा पाहिली पाहिजे. अमेरिकेतील कमोडोर कंपनीने १९८२ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ते प्रथम मांडले आणि त्याच वर्षी ५९५ डॉलर किमतीला विक्रीस आणले. चौसष्ट हा आकडा त्याच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, चौसष्ट किलोबाइट. त्यापुढे ते तब्बल बारा वर्षे, १९९४ साली कंपनीचे दिवाळे निघेपर्यंत, तयार होत राहिले. एक कोटीहून अधिक यंत्रे विकली गेली. ज्या धंद्यात दोन वर्षांपूर्वीचा माल शिळा समजला जातो, त्या धंद्यात एकाच नावाने बारा वर्षे उभे राहणे हा एक चमत्कारच म्हटला पाहिजे. पण नाव टिकले, ते आतले सारे काही बदलत राहिल्यामुळे टिकले. १९७६ साली कमोडोरने चिप तयार करणारी मॉस टेक्नॉलॉजी ही कंपनी विकत घेतली होती. त्यामुळे इतरांना जो भाग बाजारातून आहे तसा घ्यावा लागे, तो कमोडोरला आपल्या भट्टीत हवा तसा बदलून घेता येई. स्वस्त करता येईल ते स्वस्त करावे, दोन भागांचा एक करता येत असेल तर करावा, हा या घराचा बाणा होता. प्रारंभी मेमरीसाठी आठ चिप लागत. पुढे ते काम दोन चिप करू लागल्या. इतरत्र विखुरलेल्या लहानसहान चिप १९८७ च्या सुमारास एका मोठ्या चिपमध्ये सामावल्या आणि सर्किट बोर्ड आखूड झाला. यांपैकी कशाचाही पत्ता पेटीवरच्या नावाला नव्हता.

नाव न बदलण्यामागे व्यापाराचे साधे गणित होते. या यंत्रासाठी हजारो खेळ आणि आज्ञावल्या दुकानांत होत्या, आणि प्रत्येकीच्या वेष्टनावर एकच नाव छापलेले होते. नाव बदलले असते, तर ग्राहकाच्या मनात शंका आली असती की आपला जुना माल नव्या यंत्रावर चालेल की नाही. तेव्हा नाव हे एक वचन होते. ते वचन कंपनीने आपल्या परीने पाळलेही. कोणत्या आज्ञेचा काय परिणाम व्हावा, स्मृतीतील कोणत्या क्रमांकाच्या जागी ध्वनीचा कप्पा आहे आणि कोणत्या जागी रंगाचा, हे सारे माहितीपुस्तकात छापलेले होते आणि ते अखेरपर्यंत तसेच राहिले. घोटाळा झाला तो माहितीपुस्तकाच्या बाहेर. यंत्र तेच तेच राहणार अशी खात्री वाटल्यामुळे प्रोग्राम लिहिणारे लोक त्याचे छापील गुण वापरून थांबले नाहीत. त्याचे स्वभावदोष, त्याच्या लकबी, कारखान्यालाही ठाऊक नसलेल्या त्याच्या खोडी, या साऱ्या त्यांनी हेरल्या आणि त्यांच्यावर आपले कौशल्य उभारले. कंपनीने वचन दिले होते गुणांचे. लोकांनी विश्वास टाकला होता दोषांवरही.

अगदी साधे उदाहरण प्रथम घ्यावे. यंत्र सुरू होताच जी मूळ आज्ञावली जागी होते, ती रॉम या कायम स्वरूपाच्या चिपमध्ये कोरलेली असते. कमोडोर ६४ मध्ये तिच्या तीन आवृत्त्या झाल्या. पडद्यावर अक्षर उमटवायचे, तर अक्षराचा अंक एका जागी आणि त्याच्या रंगाचा अंक दुसऱ्या जागी ठेवावा लागे. पडदा पुसताना पहिली आवृत्ती रंगाच्या सर्व जागी पांढरा रंग भरून ठेवी. दुसरी आवृत्ती तेथे पार्श्वभूमीचाच रंग भरी. तिसरी आवृत्ती चालू अक्षरांचा रंग भरू लागली. आता मासिकात छापलेला एखादा छोटा प्रोग्राम पहिल्या यंत्रावर पाहून लिहिलेला असला, आणि शाळकरी मुलाने तो दुसऱ्या आवृत्तीच्या यंत्रावर उतरवून घेतला, तर काय होई? अक्षरे उमटत, पण निळ्यावर निळी! मुलगा ओळ न् ओळ पुन्हा तपासून पाही. चूक सापडत नसे, कारण ती त्याची नव्हती आणि मासिकाचीही नव्हती.

यापेक्षा मोठा भेद देशोदेशींच्या दूरचित्रवाणीमुळे निर्माण झाला. हे यंत्र चित्र दाखवी ते घरच्या दूरचित्रवाणी संचावर. अमेरिकेत चित्र सेकंदाला साठ वेळा रेखले जाते, तर युरोपात पन्नास वेळा. त्यामुळे चित्राची चिप दोन्हीकडे निराळी घालणे प्राप्तच होते. येथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण बहुतेक खेळांतील संगीत चित्राच्या ठेक्यावर चालवले जाई. प्रत्येक चित्रामागे एक पाऊल, असा हिशेब असे. ब्रिटनमध्ये रचलेली चाल अमेरिकेतील यंत्रावर लावली, की तिची लय एक पंचमांशाने वाढे आणि सूरही सुमारे चार टक्क्यांनी चढे. मध्यलयीतली चीज कोणी चढ्या पट्टीत, घाईघाईने म्हणून टाकावी, तसा तो प्रकार. भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी आली ती युरोपातील ‘पाल’ या पद्धतीची. त्यामुळे अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र येथील तशाच संचाला जोडले, तर धड रंगीत चित्र मिळण्याची आशाच नको. नाव मात्र तेच, कमोडोर ६४.

चित्राच्या एका रेषेस किती वेळ लागतो, हेही यंत्रागणिक बदलत गेले. हा वेळ प्रोसेसरच्या ठोक्यांत मोजतात. युरोपीय यंत्रात एका रेषेला ६३ ठोके आणि एका चित्रात ३१२ रेषा. अमेरिकेतील अगदी प्रथमच्या चिपमध्ये ६४ ठोके आणि २६२ रेषा. लगेच पुढच्या चिपमध्ये ६५ ठोके आणि २६३ रेषा. अर्जेंटिनात ड्रीन या कंपनीमार्फत निघालेल्या यंत्राची तऱ्हा याहून वेगळी. तेथे रेषेची लांबी अमेरिकेसारखी ६५ ठोक्यांची, आणि रेषांची संख्या युरोपसारखी ३१२! एका ठोक्याने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. सामान्य प्रोग्रामचे काहीच बिघडत नाही. पण पडद्याच्या दोन्ही कडांना जी रिकामी चौकट असे, तीसुद्धा चित्राने भरून टाकण्याची एक युक्ती हुशार मुलांनी शोधून काढली होती. त्यासाठी प्रत्येक रेषेवर, ठरलेल्या एकाच ठोक्याला, चिपला एक सूचना द्यावी लागे. ठोका चुकला की चौकट परत येई. तबल्याची सम एका मात्रेने चुकावी आणि सारी मैफल विस्कटावी, तसे हे. ६३ ठोक्यांच्या हिशेबाने बसवलेले काम ६५ ठोक्यांच्या यंत्रावर नुसते अडखळत नसे, ते कोसळे.

युरोपातील चित्राच्या पहिल्यावहिल्या चिपमध्ये आणखी एक भेद होता. सोळा रंग होते, परंतु त्यांचा उजळपणा फक्त पाच पायऱ्यांत वाटलेला होता. पुढे त्या नऊ झाल्या. रंगीत संचावर हे फारसे खुपत नसे. ज्याच्या घरी कृष्णधवल संच होता, त्याला मात्र निम्मेअधिक रंग एकमेकांपासून ओळखू येत नसत.

पण या साऱ्या भेदांचा राजा म्हणजे ध्वनीची चिप. तिचे नाव ‘सिड’. रॉबर्ट यानेस या अभियंत्याने ती रचली. पुढे इन्सोनिक ही वाद्ये बनवणारी कंपनी स्थापन करणाऱ्यांत तो होता, यावरून त्याचा ओढा कोठे होता हे कळते. त्या काळच्या घरगुती संगणकांचा आवाज म्हणजे दारावरची घंटा, एवढीच अपेक्षा असे. यानेसने मात्र तीन स्वर, प्रत्येकाला निवडता येतील असे चार प्रकारचे नाद, आणि त्यांवर नादाचा रंग बदलणारा एक फिल्टर, असे जवळजवळ पुरे वाद्यच एका चिपमध्ये बसवले. वेळ मात्र फार थोडा मिळाला, आणि ही घाई त्या फिल्टरमध्ये उतरली. फिल्टरचे काम करणारे ट्रान्झिस्टर भट्टीतून निघताना एका घाण्याचे एक तर दुसऱ्याचे दुसरे होत. परिणाम असा की एकाच क्रमांकाच्या दोन चिपमध्येसुद्धा फिल्टर सारखा चालत नसे. एकीत सूर घुमे, तर दुसरीत तोच सूर रजईत गुंडाळल्यासारखा दबे.

तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. एकाच कारागिराच्या हातचे, एकाच मापाचे दोन तंबोरे सारखे बोलत नाहीत, म्हणून तर गवई आपला तंबोरा जिवापाड सांभाळतो. फरक इतकाच की तंबोरा सर्वांना सारखा ऐकू यावा असे वचन तंबोरेवाल्याने दिलेले नसते. संगणकावर रचना करणारा संगीतकार आपल्या मेजावरच्या चिपवर कान ठेवून फिल्टरचे आकडे ठरवी, आणि ती रचना ज्यांच्या चिप निराळ्या होत्या अशा लाखो घरांत जाई. काही संगीतकारांनी हा प्रकार ओळखून फिल्टर वापरणेच टाळले. ज्यांनी वापरला त्यांची रचना त्यांना जशी ऐकू येत होती तशी किती घरांत ऐकली गेली, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

या पहिल्या चिपचा क्रमांक ६५८१. तिच्यात आणखी एक दोष होता. आवाज लहानमोठा करण्यासाठी तिच्यात सोळा पायऱ्यांचा एक कप्पा होता. कोणताही स्वर वाजत नसतानासुद्धा तिच्या मुखाशी थोडा वीजदाब शिल्लक राही. त्यामुळे आवाजाची पायरी बदलली, की नुसताच ‘टक्’ असा आवाज येई. हा शुद्ध दोष होता. पण कोणाच्या तरी लक्षात आले की हे ‘टक्’ सेकंदाला हजारो वेळा आणि हव्या त्या कमीजास्त प्रमाणात दिले, तर त्यांतून कोणताही नाद घडवता येईल. माणसाचे बोलणे घडवता येईल, ढोल घडवता येईल, गिटारही घडवता येईल. तीन स्वरांच्या चिपला असा एक चौथा स्वर मिळाला, आणि तो केवळ दोषातून मिळाला. १९८४ च्या सुमारास यंत्रे बोलू लागली, आणि १९८७ पर्यंत हबर्डची ती गिटार वाजू लागली होती.

नंतर सुधारणा झाली. ८५८० या क्रमांकाची नवी चिप आली. ती जुनीप्रमाणे बारा व्होल्टवर न चालता नऊ व्होल्टवर चाले, तापत कमी असे, तिचा फिल्टर चिपागणिक फारसा बदलत नसे, आणि मुखाशी उरणारा तो वीजदाब जवळजवळ नाहीसा झाला होता. अभियंत्याच्या दृष्टीने हे सारे निर्दोष काम होते. पण दोष गेला आणि त्याबरोबर चौथा स्वरही गेला. सुरुवातीला सांगितलेल्या दोन यंत्रांपैकी दुसऱ्यात ही नवी चिप होती. तिच्यातून तो नाद येतो, पण कुजबुजल्यासारखा. पुढे खटपटी लोकांनी यावर उपाय काढला. चिपची एक मोकळी तार एका लहानशा रेझिस्टरमधून जमिनीला जोडली की थोडा वीजदाब पुन्हा शिल्लक राहतो आणि गिटार परत ऐकू येते. कारखान्याने पैसे खर्चून काढलेला दोष घरोघर सोल्डरच्या थेंबाने परत बसवला गेला, ही गोष्ट यंत्रशास्त्राच्या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगी आहे.

येथे कोणी म्हणेल की मग जुनी चिप काढून नव्या यंत्रात घालावी, किंवा नवी जुन्यात. तसे करणे घातक आहे. नऊ व्होल्टची चिप बारा व्होल्टच्या जागी बसवली तर ती जळण्याचा धोका असतो. खाचा मात्र दोन्हींच्या सारख्याच, म्हणून ती बसते खुशाल! शिवाय फिल्टरला जोडलेले कपॅसिटरही दोहोंना निरनिराळ्या मापाचे लागतात.

आतापर्यंतचे भेद निदान चिपच्या क्रमांकावरून सांगता तरी येतात. एक भेद असा निघाला की त्याला क्रमांकच नव्हता. पडद्यावरचे सबंध चित्र आडवे सरकवायचे तर एरवी हजार अक्षरे स्मृतीत एकेक करून हलवावी लागतात, आणि त्यात यंत्राचा दम निघतो. एका युक्तीने हे श्रम वाचत. चित्राची चिप ओळ वाचावयास सुरुवात करते त्या क्षणी तिला किंचित चकवले, की ती ओळ भलत्या ठिकाणापासून वाचू लागे आणि सारे चित्र आपोआप सरके. युक्ती मोठी देखणी होती. पण काही यंत्रांवर ती चालवली की थोड्या वेळाने यंत्र कोलमडे. काहींवर ती तासन् तास बिनघोर चाले. रोलंड्स बंधूंनी १९९३ साली तयार केलेला ‘मेहेम इन मॉन्स्टरलँड’ हा खेळ याच युक्तीवर धावतो. त्या जमान्याच्या अखेरीस आलेला आणि अतिशय गाजलेला हा खेळ काही ग्राहकांच्या घरी मध्येच बंद पडे. त्यांना वाटे की आपल्याला मिळालेली प्रत खराब आहे.

कारण सापडण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. २०१३ साली लिनुस ओकेसन या स्वीडिश प्रोग्रामरने त्याचा उलगडा केला. चिपला चकवल्या क्षणी स्मृतीकडे जाणारा पत्ता अर्धवट बदललेला असतो. टपालवाल्याला अर्धा पुसलेला पत्ता मिळावा आणि त्याने दोन-तीन दारे एकदम उघडावीत, तशी स्मृतीची अवस्था होते आणि वेगवेगळ्या जागी ठेवलेले अंक एकमेकांत मिसळतात. हा गोंधळ होतो की नाही, हे सेकंदाच्या कोट्यवधी भागांतील फरकावर अवलंबून असते. तो फरक चिपच्या घडणीत असतो, यंत्र किती तापले आहे यात असतो, आणि त्या दिवशी यंत्र सुरू करताना आतली दोन घड्याळे एकमेकांशी कशी जुळली यातही असतो. म्हणजे तेच यंत्र सकाळी कोलमडेल आणि संध्याकाळी चालेल. मिसळणाऱ्या जागा कोणत्या, हेही ओकेसनने शोधले: सोळाच्या अंकमोजणीत ज्यांचा पत्ता सात किंवा पंधरा या अंकाने संपतो, नेमक्या त्याच. त्या नाजूक जागा हिशेबात धरून रचना केली, तर तीच युक्ती कोणत्याही यंत्रावर बिनधोक चालते, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवले. येथे ‘एकच यंत्र’ या शब्दांचा अर्थच डळमळू लागतो. दोन यंत्रे सारखी नसतात, इथवर ठीक आहे. हे यंत्र तर दोन दिवस स्वतःसारखेही राहत नाही.

हा प्रकार एकट्या कमोडोरचा नव्हे. ॲपल कंपनीच्या १९७७ च्या ‘ॲपल टू’ या यंत्रातील अगदी पहिल्या बोर्डावर बारीक चित्रांसाठी चार रंग मिळत. पुढच्या बोर्डावर सहा. सिंक्लेरच्या १९८२ च्या ‘स्पेक्ट्रम’मध्ये कळफलक वाचताना मिळणाऱ्या अंकातील एक निरुपयोगी भाग पुढच्या बोर्डावर बदलला, आणि त्याकडे लक्ष न देता लिहिलेल्या काही खेळांना कळा कळेनाशा झाल्या. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या ‘पीसी’त जोडलेल्या कार्डावरील रॉमची दखल घेण्याची सोय नव्हती, ऑक्टोबर १९८२ ची तारीख असलेली रॉम बसवावी, तेव्हा कोठे हार्ड डिस्कचे कार्ड ओळखले जाई. पेटी मात्र तीच, करड्या रंगाची, भारदस्त.

मग पेटीवरून काहीच कळत नाही काय? फारसे नाही. कमोडोरने १९८६ साली ‘६४सी’ ही सडपातळ, फिकट रंगाची पेटी काढली. नवी पेटी म्हणजे नवी चिप, असे अनेक जण मानतात. प्रत्यक्षात त्या पेटीतल्या सुरुवातीच्या यंत्रांत जुनाच बोर्ड आणि जुनीच ६५८१ चिप आहे. उलट जर्मनीत निघालेल्या ‘६४जी’ या मालिकेत जुन्या घाटाच्या पेटीत नवा आखूड बोर्ड आहे. शिवाय चार दशकांच्या आयुष्यात ही यंत्रे किती वेळा दुरुस्त झाली असतील, एकाची पेटी दुसऱ्याला आणि एकाची चिप तिसऱ्याला किती वेळा लागली असेल, कोण सांगणार? खात्री करून घ्यावयाची असेल, तर स्क्रू काढून आतले क्रमांक वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

जतन करणाऱ्यांपुढची अडचण या ठिकाणी खरी उभी राहते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहिले गेले. तेथे निदान असे गृहीत धरता येत होते की भेदांच्या मागे कोठे तरी एक जुना पाठ आहे आणि त्याच्या जवळ जाता येईल. येथे तसे नाही. ६५८१ हा मूळ पाठ आणि ८५८० हा प्रक्षेप, असे म्हणणारे संग्राहक पुष्कळ आहेत. पण १९८७ नंतर विकत घेतलेल्या यंत्रावर, नव्या चिपचा स्वच्छ फिल्टर ऐकूनच ज्यांनी रचना केल्या, त्यांच्या रचनांना हा न्याय कसा लावणार? त्या रचना जुन्या चिपवर लावल्या, तर तितक्याच बिघडतात. तेव्हा ‘अस्सल कमोडोर ६४’ अशी एक वस्तू शोधू पाहणाऱ्याचा शोध फुकट जातो. प्रत्येक रचनेला विचारावे लागते की तू कोणत्या यंत्रासमोर जन्मलीस.

अनुकरण करणाऱ्या आज्ञावल्यांनी, म्हणजे ज्या आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतात त्यांनी, हा प्रश्न जसा आहे तसा स्वीकारला आहे. ‘व्हाइस’ या प्रसिद्ध आज्ञावलीत नुसते ‘कमोडोर ६४’ निवडून भागत नाही; चित्राची चिप कोणती, देश कोणता, सिड कोणता, हे ठरवावे लागते. डॅग लेम यांनी सिडची जी नक्कल तयार केली, तिच्यात दोन्ही चिप स्वतंत्रपणे बसवल्या आहेत. पण ६५८१ चा फिल्टर घ्यावयाचा म्हणजे कोणत्या एका ६५८१ चा, हा प्रश्न तेथेही सुटत नाही. कोणती तरी एक वक्ररेषा पसंत करावी लागते. खऱ्या यंत्राचे काही हौशी मालक तर एकाच पेटीत दोन्ही सिड बसवून वर एक खटका लावतात आणि रचनेप्रमाणे तो खाली-वर करतात.

सिड चिपसाठी रचलेले संगीत १९९६ पासून एका मोठ्या संग्रहात गोळा केले जात आहे. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या संग्रहात आज पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत. प्रत्येक रचनेच्या आरंभी, संगीतकाराच्या नावाबरोबर, यंत्राला वाचता येईल अशा दोन लहान नोंदी असतात. एक नोंद दूरचित्रवाणीच्या पद्धतीची, दुसरी सिडच्या प्रकाराची. दुसऱ्या नोंदीत चार पर्याय आहेत: ६५८१, ८५८०, दोन्ही, आणि ‘अज्ञात’. जेथे संगीतकार हयात आहे आणि आपल्या मेजावर तेव्हा कोणते यंत्र होते हे त्याला आठवते, तेथे विचारून पहिले दोन पर्याय भरता येतात. जेथे विचारावयास कोणी उरलेले नाही, तेथे कानाने ऐकून, रचनेची तारीख पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि तोही बांधता आला नाही तर चौथाच पर्याय लिहून ठेवावा लागतो.